तुम्ही विचारलंत म्हणून : युनियन करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

"ताई, आमच्या कंपनीत युनियन करायचीय. काय काय करावं लागतं?" फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. विचारणारा पूर्वी हमखास मशीनवरचा ऑपरेटर असायचा. हल्ली खासगी हॉस्पिटलातल्या नर्स विचारतात, कॉन्ट्रॅक्टवरचे सफाई कामगार विचारतात, पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली पोरंही दबक्या आवाजात विचारतात. मी युनियनच्या ऑफिसात टायपिंगला लागले आणि पुढे अर्ज, ठराव, मागणीपत्रं, करार यांच्यातच नोकरी सरली. त्यामुळे लोकांना वाटतं, हिच्याकडे एखादा छापील फॉर्म असणार, तो भरला की झाली युनियन.

फॉर्म आहे. त्याचं नंतर बघू. समोरचा माणूस क्रियापद कुठलं वापरतोय ते मी आधी ऐकते.

युनियन हा शब्द आपण इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला, त्याच्या जोडीचं क्रियापद मात्र तिकडेच राहिलं. 'युनियनाइझ' असं मराठीत कोणी म्हणत नाही. (बरंच झालं. इंग्रजीत तेच स्पेलिंग 'अन-आयोनाइझ' असंही वाचता येतं आणि रसायनशास्त्रवाले त्यावर हक्क सांगतात.) मग प्रत्येक जण आपापलं क्रियापद जोडतो. कुणी युनियन 'आणतो', कुणी 'लावतो', कुणी अमक्या साहेबांची युनियन 'घेतो' आणि दोन वर्षांत मन भरलं नाही की ती 'काढून' दुसऱ्या साहेबांची घेतो. 'युनियन बांधायची' म्हणणारे आता थोडे उरलेत, बहुतेक लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, हाताखाली तयार झालेले.

या क्रियापदावरून मला अर्धी हकिगत कळते. 'आणायची' म्हणणाऱ्याच्या मनात बाहेरचा कुणी दांडगा पुढारी असतो. तो येईल, मॅनेजरच्या टेबलावर हात आपटेल आणि पगारवाढ घेऊन बाहेर पडेल. आपण तोवर गेटबाहेर घोषणा द्यायच्या. 'लावायची' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गेटवरचा बोर्ड असतो: नारळ फोडलेला, हार घातलेला, खाली पाच-सहा नावं. बोर्ड लागला म्हणजे युनियन लागली. मी स्वतः असे कितीतरी बोर्ड रंगवून घेतलेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. पण ज्या कंपन्यांत बोर्डाच्या आधी काहीच झालेलं नव्हतं, तिथे पुढे तो बोर्डच तेवढा राहिला.

एक प्रसंग सांगते. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली त्याच्या आधीचा. तेव्हा नोंदणीच्या अर्जाला सात सह्या पुरायच्या. एका औद्योगिक वसाहतीतली चार पोरं सात सह्या घेऊनच माझ्यासमोर येऊन बसली. उत्साह एवढा की चहा सांगायलाही उसंत नाही. मी विचारलं, "हे सातही जण कुठल्या खात्यातले?" सगळे मेंटेनन्सचे, पहिल्या पाळीचे. "पॅकिंगला किती जण?" "साठेक असतील. बायका आहेत सगळ्या." "त्यांचं काय म्हणणं?" त्यावर एकमेकांकडे बघणं. शेवटी एक म्हणाला, "त्या काय येणार नाहीत." "विचारलंत?" विचारलं नव्हतं. रात्रपाळीला कोण असतं ते धड माहीत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवर किती आहेत, याचे चौघांनी चार आकडे सांगितले. मी म्हटलं, थोडं थांबा. ते थांबले नाहीत. अर्ज गेला, महिन्याभरात सातांतल्या चौघांना कंपनीने ट्रेनी सुपरवायझर केलं. पगार थोडा वाढला, हुद्दा मिळाला आणि ते कामगार उरले नाहीत. आता गंमत बघा. अर्ज दिल्यावर काही अर्जदार गळाले तरी कायदा तो अर्ज रद्द करत नाही, पण गळणारे निम्म्यापर्यंतच चालतात. सातांतले चार म्हणजे निम्म्याच्या वर. आतल्या कुणीतरी कायदा आमच्यापेक्षा बारकाईने वाचला होता.

तर युनियन करायची म्हणजे आधी एक वही करायची. खातं, पाळी, नाव, कायम की कॉन्ट्रॅक्ट, राहायला कुठे, कोणाच्या शब्दाला मान देतो. पॅकिंगच्या साठ बायकांत एखादी अशी असतेच, जिला बाकीच्या विचारल्याशिवाय ओव्हरटाइमलाही थांबत नाहीत. ती तुमच्याबरोबर नसेल तर साठही नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही आणि बाहेरचा कुठलाही साहेब ते तुमच्यासाठी करू शकत नाही, कारण त्याला तुमची रात्रपाळी ठाऊक नसते.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आपल्याकडच्या कामगार चळवळीची सुरुवातच कागदाविना झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या. पुढे एका सरकारी अहवालाने शेरा मारला की या संस्थेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. शेरा खराच होता. युनियनची नोंदणी करणाऱ्या आजच्या निबंधकाने तो अर्ज टेबलावरूनच परत केला असता. पण १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांनी जमवलेल्या सभांमुळे आणि हजारो सह्यांच्या अर्जांमुळे. आज जे साहेब रविवारी घरी झोपून युनियनला शिव्या घालतात त्यांनाही तीच सुट्टी लागू आहे.

दुसरं उदाहरण १९२८ चं. मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलमध्ये संप सुरू झाला, तो जवळजवळ सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, ती त्या संपातच जन्माला आली. आधी युनियन आणि मग संप, हा क्रम पुस्तकातला. इथे उलटं झालं. सुरुवातीला सभासद काहीशे होते, वर्षअखेरीला पन्नास हजारांच्या पुढे गेले. हे सगळे कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या भाषणाने आले असं समजायचं कारण नाही. गिरणीगिरणीत समित्या बसल्या होत्या. कुठल्या खात्यात जॉबरने, म्हणजे मुकादमाने, काय केलं, कुणाला दंड झाला, कुणाचं कापड खराब म्हणून त्याच्याच गळ्यात मारलं, हे त्या समित्यांना कळायचं आणि तिथल्या तिथे त्याची दखल घेतली जायची. 'बांधणे' हे क्रियापद मी ज्या अर्थाने वापरते ते हे.

संपावरून आठवलं. संप म्हणजे काम बंद हा अर्थ आज आपल्या डोक्यात पक्का आहे, पण जुन्या मराठीत या शब्दाचा अर्थ एकी, जूट असा होता. गुजरातीत तर अजूनही तोच आहे. 'संप त्यां जंप' म्हणजे जिथे एकी तिथे स्वस्थता. तिकडचा माणूस संपाने राहा असा आशीर्वाद देतो आणि मराठी माणूस दचकतो. हिंदीतला 'हड़ताल' दुकानं बंद करण्याच्या बाजूने आला. आपण मात्र काम थांबवण्याला एकीचंच नाव दिलं.

आता कायदा. ट्रेड युनियनचा कायदा १९२६ चा. तो का आला हे माहीत असावं. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने तिथल्या मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर कोर्टात दावा लावला आणि १९२१ च्या सुमाराला कामगारांना एकत्र करणं हेच नुकसानभरपाईला पात्र ठरतंय अशी वेळ आली. त्यानंतर ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी लावून धरली. म्हणजे नोंदणीचा मूळ फायदा हा, की मालकाविरुद्ध एकत्र ठरवून काही केलं तर तो कट ठरू नये. त्या कायद्यातली युनियनची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मालक आणि कामगार, कामगार आणि कामगार किंवा मालक आणि मालक यांच्यातले संबंध नियमित करण्यासाठी झालेली कुठलीही जूट, तात्पुरती असो की कायमची. या हिशेबाने मालकांची संघटनासुद्धा ट्रेड युनियन म्हणून नोंदवता येते. हे सांगितलं की पोरं हसतात आणि मग गंभीर होतात, कारण त्यांच्या मालकांची संघटना खरोखरच वसाहतीत पहिल्या दिवसापासून असते. तिला युनियनबाजी कोणी म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विरला. नोंदणीचा गाभा बराचसा तोच राहिला: अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या, आणि एकूण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तेवढे सभासद. सोबत नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, हिशेब तपासणीची सोय. हे कागद करायला हुशार माणसाला दोन संध्याकाळी लागतात. मला विचाराल तर फॉर्मबद्दल एवढंच पुरे.

जास्त बोलायला हवं ते वर्गणीबद्दल. वर्गणीची 'पावती फाडली' म्हणजे माणूस युनियनचा झाला, असं आमच्याकडे म्हणायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं. कायद्याने ठरवलेली किमान वर्गणी संघटित कामगारांना वर्षाला १२ रुपये होती, म्हणजे महिन्याला एक रुपया. रकमेचा प्रश्नच नव्हता. पण पावती पुस्तक घेऊन कमिटीचा माणूस दर महिन्याला खात्याखात्यात फिरायचा तेव्हा त्याला रुपयाबरोबर बरंच काही मिळायचं. "गेल्या महिन्यात माझी रजा नामंजूर झाली तेव्हा कुठे होतास?" हे ऐकल्याशिवाय रुपया हातात पडायचा नाही. पुढे वर्गणी पगारातून परस्पर कापायची सोय झाली. पैसे बिनचूक येऊ लागले, हिशेब सोपा झाला, मीच त्याचे तक्ते टाइप केले. आणि कमिटी खात्यात फिरायची बंद झाली. सोय नको होती असं मी म्हणत नाही, पण ज्या युनियनमध्ये वर्षानुवर्षं फक्त कपात चालते तिथल्या सभासदाला आपल्या युनियनच्या सेक्रेटरीचं नावही सांगता येत नाही, हे मी पाहिलंय.

पुढचा गोंधळ नेहमीचा: नोंदणी झाली म्हणजे मालकाला आपल्याशी बोलावंच लागेल. नाही. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. राज्यघटनेच्या १९(१)(ग) कलमाने युनियन करायचा हक्क दिलाय, पण १९६१ साली सुप्रीम कोर्टाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की त्या हक्काच्या पोटात वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही. तो कायद्याने जेवढा दिला तेवढाच. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली मान्यतेसाठी तीस टक्के सभासद लागत, तेही सलग सहा महिने. नव्या संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर एकटीने वाटाघाट करायला ५१ टक्के हवेत. ते कोणाकडेच नसतील तर प्रत्येकी किमान वीस टक्के असलेल्या युनियननी मिळून परिषद करायची.

मान्यता हातात असलेली युनियन आणि कामगारांची युनियन या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या की काय होतं, ते मुंबईने १९८२ मध्ये पाहिलं. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ चा. त्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कायद्याच्या नजरेत गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार फक्त त्यांना. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. अडीच लाख माणसं एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे. वेतनवाढीच्या बरोबरीने, हा कायदाच रद्द करा, अशी संपकऱ्यांची मागणी होती. सरकारने सामंतांशी वाटाघाट केली नाही, त्यांच्यापाशी मान्यता नव्हती हे कारण कायम हाताशी होतं. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. गिरण्यांचं पुढे काय झालं ते लोअर परळला जाऊन कोणीही बघावं.

सामंतांबद्दल माझं मत विचारतात, ते मी टाळत नाही. लोकांनी त्यांना 'आणलं' होतं. ते आले, आणि खरोखर आले, अर्धवट नाही. पण १९२८ मध्ये ज्या गिरणी समित्या होत्या, तसं काही त्या अडीच लाखांच्या मागे पुरेसं उभं नव्हतं. वर्षभर गावाकडे जाऊन राहिलेल्या कामगाराशी बोलायला, त्याचं मत विचारायला, थांबायचं की रेटायचं हे त्याच्याबरोबर ठरवायला मधली फळी लागते. माझं हे मत काही जुन्या सहकाऱ्यांना अजिबात पटत नाही.

नर्स आणि लॅपटॉपवाले विचारतात तेव्हा आणखी एक अडचण येते. त्यांना काम हवं असतं युनियनचं, पण शब्द नको असतो. "आपण असोसिएशन म्हणू या का?" आपल्याकडे हे फार जुनं आहे. कामगारांची युनियन, कर्मचाऱ्यांची संघटना, शिक्षकांचा संघ, अधिकाऱ्यांची असोसिएशन. जसजसा पगार वाढतो तसतसा शब्द सौम्य होतो. माझी हरकत काही नाही, म्हणा असोसिएशन. फक्त सोसायटी कायद्याखाली नोंदवून वर तिच्याकडून वेतन कराराची अपेक्षा धरू नका, एवढं सांगते. नावात काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पुण्यातल्या हमालांनी 'पंचायत' म्हटलं, रिक्षावाल्यांनी म्हटलं, कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली. त्यांच्या युनियनपणात काही कमी पडलं नाही.

डिलिव्हरीवाल्या मुलांचा प्रश्न जरा निराळा. "आमचा मालकच कोण ते कळत नाही. ॲप आहे. ॲपविरुद्ध युनियन होते का?" त्यांना मी अहमदाबादची गोष्ट सांगते. १९७२ मध्ये इला भट आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, फेरी करणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका 'सेवा' या आपल्या संघटनेची ट्रेड युनियन म्हणून नोंदणी करायला गेल्या. कामगार खात्याने विचारलं, तुम्हाला मालक नाही, मग लढणार कोणाशी? बायकांचं म्हणणं असं की युनियन कोणाच्या विरोधात असायलाच हवी असं नाही, ती आमच्या एकीसाठी आहे. बरेच तंटेबखेडे झाले आणि नोंदणी मिळाली. व्याख्येतलं ते 'कामगार आणि कामगार यांच्यातले संबंध' आठवतं ना? मुलांनो, तुमच्यात आधी हे ठरवा की पावसात दर पडला तर एकाच भागातले सगळे लॉगआउट करणार की अर्धे त्याच दराने पळणार. ॲपचं नंतर.

राहिला शेवटचा प्रश्न, जो सगळे सर्वांत शेवटी, उठता उठता विचारतात. नोकरी जाईल का? युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू अशी धमकी देणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. आणि तरीही माणसं काढली जातात. युनियन केली म्हणून काढलं असं कोणी लिहून देत नाही. बदली होते, कॉन्ट्रॅक्ट संपतं, अचानक कामात चुका सापडायला लागतात. केस लढता येते, जिंकताही येते. तारखांना किती वर्षं जातील ते मी सांगत नाही. म्हणून वही पूर्ण होईपर्यंत कंपनीला एकही पत्र द्यायचं नाही. मालकाला पहिली बातमी मिळेल तेव्हा निम्म्याहून जास्त लोक आधीच आत असले पाहिजेत, सगळ्या पाळ्यांचे, सगळ्या खात्यांचे, कॉन्ट्रॅक्टवाले धरून. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका, केलात तर त्यात काही लिहू नका. यादी कागदावर ठेवा, दोन प्रती, दोन घरी. आणि पॅकिंगच्या बायकांकडे आधी जा.